पडेल त्याची खुर्ची

या घरात माणूस शुद्ध हरपून पडला की त्याला दवाखान्यात नेत नाहीत, खुर्चीत बसवतात.

खुर्ची आबांची. लाकडी, रुंद हातांची, पाठीची एक फळी गेलेली. आबा गोदामाच्या फाटकावर पहारेकरी होते आणि सुटीच्या दिवशी धावायचे. त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं: "रेषेपलीकडे उभा राहिलास म्हणजे अंगात काहीतरी शिल्लक ठेवलंस. शिल्लक घरी आणायची नाही." जो धावून जमिनीवर कोसळेल तो जेवायला त्यांच्या खुर्चीत बसणार, बाकीचे बाकावर. पुढे आबा स्वतः एका शर्यतीत धावता धावता कोसळले ते उठलेच नाहीत. तेव्हाही या घरातल्या कोणाला काही कळलं नाही. मेले असं आजवर कोणी म्हणत नाही. 'वाघासारखे गेले' म्हणतात. वाघ असे जात नाहीत, पण ते वाघाला विचारायला कोण जातंय.

शनिवारी दुपारी त्या खुर्चीत भिंगऱ्या बसला होता. घरातला धाकटा, पायाला भिंगरी असलेला. हनुवटीवर पट्टी, पट्टीखाली टाके आणि ऐट अशी की जणू घोड्यावरून उतरतोय. मागच्या शर्यतीत तो रेषेच्या थोडा अलीकडे कोसळला होता, गडगडत रेषा ओलांडून पहिला आला होता. उद्या देशाच्या संघासाठी निवडीची शर्यत होती.

त्याची थोरली बहीण समोर बाकावर बसली होती. ती परदेशात व्यायामशास्त्राची मास्टर्स करत होती. काल संध्याकाळी न कळवता दारात येऊन उभी राहिली, तेव्हापासून घरात सगळे जपून बोलत होते. न कळवता येणारं माणूस चांगली बातमी आणत नाही.

"उद्या तो धावणार नाही," ती म्हणाली.

"मीठ दे गं इकडे," आत्या म्हणाली.

"आत्या, मी काय म्हणतेय?"

"ऐकलं ना. अजून प्रवासाची धूळ झटकली नाहीस अंगावरची आणि निकाल द्यायला लागलीस."

"विमानात धूळ नसते, अक्का," आई म्हणाली. ती या घरात लग्न करून आली त्याला जमाना झाला, तरी धावणाऱ्यांच्या घरातली चालणारी म्हणूनच तिची गणती. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. आजही काचेवर खूण करायच्या शाईचा डाग बोटाला होता.

मास्तरांनी ताटावरून मान वर केली नाही. शहराच्या मैदानावर पोरांना धावायला शिकवणारा हा माणूस घरातही मास्तरच. बायको आणि बहीण सोडून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. "कारण?" त्यांनी विचारलं.

"त्याचं हृदय आधी तपासायला हवं."

भिंगऱ्या तोंडातला बटाटा तसाच ठेवून हसला. "ताई, माझं हृदय तुझ्या त्या मशीनपेक्षा भारी आहे."

"पडलास ते कळलं होतं का पडताना?"

"कळलं असतं तर पडलो कशाला असतो?"

"तेच!" ती उठून उभीच राहिली. "बाबा, तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला कळायला हवं. धावून झालं, थांबला, रक्त पायात राहिलं आणि चक्कर आली, ते वेगळं. असे रोज पडतात, पाय वर करा, पाणी द्या, उठतात. हा धावता धावता बंद पडला. पूर्ण वेगात. ते चांगलं नसतं. आबाही तसेच पडले होते."

आबांचं नाव निघाल्यावर आत्यानं चमचा ठेवला. मास्तरांची ही मोठी बहीण. शिवणकाम करून पोट भरलं, लग्न केलं नाही, आणि खुर्चीची राखण केली. "आबांना मध्ये आणायचं नाही. वाघासारखे गेले ते."

"आत्या, ते आजारानं गेले."

"जीभ आवर!"

"आजार होता तो. रक्तातून येतो. वडलांकडून मुलाकडे, मुलाकडून—"

"तुला परदेशी कशाला पाठवलं होतं?" मास्तर आता बोलले. हळू बोलले, आणि ते हळू बोलले की मैदानावरची पोरं रांगेत उभी राहतात. "याचा वेग वाढवायची विद्या आणायला. वाढवायला पाठवलं. थांबवायला नाही."

"बाबा—"

"ती कधी पडली नाही ना," आत्या म्हणाली. "म्हणून तिला पोटात दुखतं. एकदा तरी पडलीस का गं तू? दर वेळी शहाण्यासारखी उभी. शेवटी धावता येईना म्हणून धावण्याचा अभ्यास करायला गेली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय."

घाव जुना होता, त्यामुळे नेमका बसला. थोरली खाली बसली.

न कळवता का धावत आली ते तिला सांगता आलं असतं, पण कोणाला सांगायचं? भिंगऱ्यानं आपल्या पडण्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता, खाली आत्याचे टाळ्यांचे हात. तिनंही अभिमानानं तो प्रयोगशाळेत दाखवला होता. माझा भाऊ. तिथे पळत्या पट्ट्यावर एक मुलगा तोंडाला श्वास मोजायचा मुखवटा लावून धावत होता, दोघं त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेत होते, आणि त्यांना शिकवणारी बाई सहज म्हणून डोकावली. तिनं व्हिडिओ मागे घेतला. परत बघितला. मग बोटानं पडदा थांबवला: भिंगऱ्या हवेत तिरका, आणि दोन्ही हात कडेला लोंबलेले. "हात बघ त्याचे," बाई म्हणाली. "शुद्धीतला माणूस पडताना हात पुढे टाकतो. झोपेतून पडला तरी टाकतो. यानं हनुवटी टाकली." आणि मग तिनं विचारलं होतं, "तो जिवंत आहे?"

हा प्रश्न उराशी घेऊन थोरली विमानात बसली होती.

*

आईनं भांडी विसळायला घेतली तेव्हा लेक येऊन शेजारी उभी राहिली. आईला भांड्यांच्या आवाजात बोलायची सवय होती. या घरात तिची अर्धी वाक्यं नळाखाली वाहून गेली होती.

"खरं सांग. किती खात्री आहे तुझी?"

"खात्री नाहीच, आई. सोनोग्राफी केल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही."

"मग आजार आहे, आजार आहे असं ठासून का बोललीस?"

"कारण या घरात 'कदाचित' कोणी ऐकत नाही."

आईला हसू आलं, तेवढंच. मग ती ताट घासत राहिली, तेच ताट. "थंडीत एकदा जिन्यात बसलेला दिसला मला. पांढराफटक. मी हात धरला तर गार. म्हणाला, भूक लागली. मी खायला दिलं, त्यानं खाल्लं." तिनं नळ बंद केला. "मी बोलले नाही गं. बोलले असते तर तुझ्या आत्यानं त्याला खुर्चीत बसवलं असतं. माझ्या पोराची मान खाली गेलेली बघायची आणि वर टाळ्या ऐकायच्या, मला नाही होत ते."

"आई, तू बाबांशी बोल ना."

"त्यांच्याशी?" आईनं हात पुसले. "ते माझं ऐकतात. फक्त अक्काचं त्याआधी ऐकून झालेलं असतं."

"माझ्या हृदयाचं काय म्हणून विचारलं नाहीस," लेक म्हणाली.

"विचारायची हिंमत नव्हती."

"माझं साफ आहे. पहिल्याच आठवड्यात तिथे आमच्यावरच सगळ्या चाचण्या करतात. शिकणारेच उंदीर." ती म्हणाली, आणि हे सांगताना ती चोरासारखी दिसत होती.

*

मैदानाच्या कडेला सामानाची खोली. अडथळ्यांच्या फळ्या, गोळे, फाटकी गादी, चुन्याची पोती. मास्तर दुपारी तिथेच असत. भिंगऱ्या आत आला, दार लोटलं, चुन्याच्या पोत्यावर बसला.

"उठ तिथनं, ढुंगण पांढरं होईल."

तो उठला नाही. "बाबा, एक सांगू? चिडायचं नाही."

"चिडायचं असेल तर चिडेन."

"ताई उगाच घाबरलीये. मी पडलो नव्हतो." त्यानं बुटाच्या नाडीशी चाळा केला. "म्हणजे पडलो. पण पाडलं. मुद्दाम. मला एकदा बसायचं होतं खुर्चीत. तिची बोलती बंद करा तुम्ही. नाटक होतं ते, बाबा. बस."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. आणि मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर आलं. त्यांना वाटलं राग असेल. ते हसू होतं.

कारण मास्तरही पडले नव्हते.

ज्या एका शर्यतीच्या जोरावर ते मास्तर झाले, ज्या पडण्याची गोष्ट गावातलं पोरगं पोरगं सांगतं, ते पडणं शंभर टक्के नाटक होतं. शेवटच्या वळणाला त्यांना कळलं की अंगात अजून दम आहे आणि आपण उभेच राहणार. आबांना जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. रिकामी खुर्ची घरात होती. तेव्हा रेषा ओलांडली आणि त्यांनी गुडघे सोडले. लोकांनी उचलून घरी आणलं. त्यानंतर ते कधी शर्यतीला उतरलेच नाहीत. गुडघा गेला असं सांगितलं. गुडघा ठणठणीत होता. लाज गेली नव्हती, एवढंच.

आणि इतक्या वर्षांनी समोर त्यांचा मुलगा, तीच गोष्ट, तोच गुन्हा. बापाचं मन कसं असतं बघा. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना वाटलं, माझाच आहे.

"कोणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "आत्याला तर मुळीच."

"म्हणजे उद्या जायचं ना?"

"जायचं."

पोरगा उठला, पाठीमागे पांढरा झालेला. तो दाराशी पोचला तेव्हा मास्तरांच्या मनात एक खडा टोचला. नाटक करणारा रेषेच्या पलीकडे पडतो. अलीकडे पडला तर शर्यतच जाईल. एवढी अक्कल त्यांनाही होती. मग हा अलीकडे का पडला?

त्यांनी तो खडा दाबला. हवं तेच ऐकायला मिळालं की माणूस हिशेब तपासत नाही, आणि मास्तर माणूसच होते.

*

संध्याकाळी आत्याच्या शिवणाच्या खोलीत दिवा लागला. भिंगऱ्याची उद्याची बनियन मशीनवर होती. या घरातल्या प्रत्येक धावणाऱ्याचे कपडे आत्यानंच शिवले होते. काखेत शिवण बाहेरून घ्यायची म्हणजे अंगाला घासत नाही, हे दुकानातल्या लोकांना अजून कळत नाही, असं तिचं म्हणणं.

"हात वर. श्वास घे. पोट आत नको ओढू, खोटारड्या, धावताना ओढणारेस का?"

"टोचतेय, आत्या."

"टाचणी आहे. टोचणारच. टाचणीचा तो धर्म."

थोरली दारात येऊन उभी राहिली. आत्यानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पोरगी रडून आली होती, पण आत्ता डोळे कोरडे होते. अशी माणसं जास्त त्रास देतात हे आत्याला स्वतःवरून माहीत होतं.

"बाबा म्हणतात, यानं नाटक केलं," थोरली म्हणाली. "माझी समजूत घालायला मला कानात सांगितलं."

आत्याच्या तोंडातल्या टाचण्या तशाच राहिल्या. भिंगऱ्यानं डोळे मिटले.

"नाटक?" आत्यानं टाचण्या काढून हातावर घेतल्या. "माझ्या पोरानं? आबांच्या खुर्चीसाठी नाटक?"

"नाही केलं त्यानं. तेच तर सांगतेय मी. आत्या, तू कोणाच्या सांगण्यावर नको, डोळ्यांवर विश्वास ठेव. त्याचे हात बघ. एक ओरखडा नाही. हनुवटी फुटली. नाटक करणारा हात टेकतो गं. टेकायचे नाहीत असं ठरवलं तरी टेकतो, अंगच टेकतं. ज्याची शुद्ध गेलेली असते तोच असा तोंडावर येतो. हा खोटं बोलतोय ते धावायला मिळावं म्हणून!"

"झालं तुझं?" आत्या उठली. एवढीशी बाई, पण उठली की खोली लहान व्हायची. "हात टेकले, नाही टेकले. दोन बुकं वाचली आणि आम्हाला पडायला शिकवायला आली. अगं, पडणं म्हणजे काय ते मी बघितलंय. तुझा बाप पडला तेव्हा मी होते तिथे. याच खोलीत, याच दिव्याखाली त्याच्या तळहातातली खडी मी सुईनं काढलीये. एकेक खडा! रक्त येत होतं दोन्ही हातांतून, आणि हूं नाही की चूं नाही. त्याला म्हणतात पडणं!"



आत्याला आधी वाटलं, आपण जिंकलो. मग तिला थोरलीचा चेहरा दिसला. पोरगी तिच्याकडे बघत नव्हती. तिच्या मागे बघत होती. दारात मास्तर आले होते. आणि ते स्वतःच्या तळहातांकडे बघत होते.

आत्याच्या डोक्यात एकेक खडा परत येत होता. उजवा हात. डावा हात. अंगठ्याखालचा मांसल भाग, जिथे भार येतो. हनुवटीला काही नव्हतं. नाकाला काही नव्हतं.

"काय रे?" ती म्हणाली. भावाशी ती लहानपणी जशी बोलायची तशी. "काय रे हे?"

"अक्का."

"सांग ना. ती चुकीचं बोलतेय म्हणून सांग."

"मी हात टेकले होते, अक्का."

"शुद्धीत होतास?"

"होतो."

"मी सुई तापवली तेव्हा?"

"तेव्हाही होतो."

आत्या मशीनच्या स्टुलावर बसली. तिच्या हातातल्या टाचण्या खाली सांडल्या आणि कोणी उचलल्या नाहीत. "मी पण धावायचे," ती म्हणाली, कोणाला तरी ओळख करून दिल्यासारखी. "तुझ्यापेक्षा जोरात. आबा म्हणायचे, पोरगी वारा आहे. तू पडलास, तुला खुर्ची मिळाली आणि मला वाटलं, झालं, वारस ठरला. आता याला सांभाळायचं. मी बूट दिले कोणाला तरी आणि मशीनवर बसले. तुझ्या पडण्यासाठी बसले मी, मास्तर." आयुष्यात पहिल्यांदा तिनं भावाला मास्तर म्हटलं. ती शिवी होती.

पकडले गेले की बरेच पुरुष दुसऱ्यावर ओरडतात. मास्तर पोराकडे वळले. "हात दाखव."

"बाबा—"

"दाखव!"

भिंगऱ्यानं हात पुढे केले. टाचण्या लावलेली बनियन अंगावर, हात पसरलेले, वाढायला सांगितल्यासारखे. तळहात लहान मुलासारखे स्वच्छ.

"माझ्याशी खोटं बोललास."

"तुम्ही कोणाशी खरं बोललात?"

मास्तरांचा हात उठला. तो उठलेला हात आईनं धरला. ती कधी आली कोणी पाहिलं नव्हतं. तिचं येणं या घरात कोणी कधी पाहत नसे. "अहो," ती म्हणाली, "आता पुरे." आणि मग पोराला, "जिन्यात काय झालं होतं रे थंडीत? भूक म्हणू नकोस."

भिंगऱ्या रडेल असं वाटलं. तो रडला नाही. "दिवा जातो ना, तसं," तो म्हणाला. "कोणी घालवला नाही, आपोआप. दुखत नाही, काही नाही. तेव्हा जिन्यात, मैदानावर एकदा, एकदा नुसता पळून बसमध्ये चढलो तेव्हा. आणि त्या दिवशी. दिवा गेला आणि परत आला तेव्हा मी जमिनीवर होतो आणि सगळे टाळ्या वाजवत होते." त्यानं हात खाली केले. "मला वाटलं, चांगलंच काहीतरी झालं असणार."

*

रविवारी मास्तरांनी स्वतः जाऊन त्याचं नाव काढलं. मैदानावर लोकांनी कारण विचारलं. पूर्वी त्यांनी गुडघा सांगितला असता.

सोमवारी दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत भिंगऱ्या कुशीवर झोपला होता. छातीवर गार जेल, बरगड्यांत रुतणारं यंत्र, आणि पडद्यावर त्याचंच काळं-पांढरं काहीतरी उघडत-मिटत होतं. त्याला ते आवडलं. जोरदार होतं. थोरली डॉक्टरच्या खांद्यामागे उभी होती. तो पडद्याकडे बघतच नव्हता. बहिणीकडे बघत होता. डॉक्टरनं तोंड उघडण्याआधी तिचा चेहरा पडला, आणि तो समजला. ती तिथे जाऊन हे शिकली होती तर: पडद्यावर भावाचा शेवट आधी वाचायला.

"हृदयाची मधली भिंत जाड आहे," डॉक्टर म्हणाला. "बरीच. घरात लहान वयात अचानक कोणी गेलंय का?"

"माझे वडील," मास्तर म्हणाले. "धावताना."

"तेव्हा कोणाला तपासलं होतं? पोरांना वगैरे?"

"नाही. खुर्ची ठेवली त्यांची."

डॉक्टरला काही कळलं नाही. त्यानं मास्तरांनाच शर्ट काढायला सांगितलं. त्यांच्यातही तेच निघालं, कमी, पण तेच. "तुम्ही धावणं कधी सोडलंत?"

"तरुणपणीच."

"नशीब तुमचं. का सोडलंत?"

मास्तर शर्टाची बटणं लावत होते, वरखाली लावत होते. "लाजेनं," ते म्हणाले.

भिंगऱ्या हसायला लागला. छातीवर जेल तसंच, तो हसतच सुटला. खोटा पडला म्हणून बाप वाचला. खरा पडला तो— आई त्याची पाठ चोळत राहिली. थोरलीनं जेल पुसायला कागद पुढे केला. त्यानं तो घेतला, पण तिच्या हाताला हात लागू न देता.

"कधीच नाही?" त्यानं डॉक्टरला विचारलं.

"शर्यत कधीच नाही. औषधं सुरू करू, छातीत मशीन बसवावं लागेल का ते बघू. बाकी आयुष्य जगता येईल, चिंता नको."

"बाकी," भिंगऱ्या म्हणाला.

*

थोरलीच्या परत जायच्या दिवशी सगळे घरी होते. शेवटचं सत्र बाकी होतं, प्रबंध बाकी होता. जाऊ नको असं कोणी म्हटलं नाही, जा असंही नाही. आत्या आणि मास्तर एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप आईमार्फत जात. धावणाऱ्यांच्या या घरात आता सगळे आईकडे येत होते, आणि ती कामाला आणखी लवकर निघून जायला लागली होती.

दुपारी ताटं मांडली. सवय वाईट असते: आत्यानं आबांची खुर्ची ओढली आणि भिंगऱ्याकडे बघितलं.

"नको," तो म्हणाला. ताट उचलून तो ओट्याशी गेला आणि उभ्यानं खायला लागला. "उभा राहून आलोय मी. शिल्लक घेऊन."

कोणी जेवलं नाही फारसं.

थोरली त्याच्याजवळ गेली. "माझ्याशी बोलणार नाहीस?"

"बोलतोय की."

"भिंगऱ्या, मला—"

"तू वाचवलंस मला, ताई. माहितीये मला, सगळे तेच सांगतायत. आभारी आहे." त्यानं घास गिळला. "तुझं साफ आहे ना?"

"हो."

"हो. तू कधी पडलीच नाहीस." त्यात टोमणाही नव्हता, तेच वाईट होतं. "तुझ्या त्या पुस्तकांत न धावणाऱ्यांचं काही लिहिलंय का गं? त्यांनी सकाळी उठून काय करायचं?"

होतं लिहिलेलं. एक अख्खा विषय होता त्यावर, तो तिला पुढच्या सत्रात होता: किती चालायचं, किती हळू, नाडी कितीच्या आत ठेवायची. पण या पोराला 'चाल' म्हणायचं? या घरात चालणाऱ्याला लोक आजारी समजतात.

"बघ आणि कळव," तो म्हणाला, आणि ताट धुवायला वळला. ताट त्यानं बराच वेळ धुतलं.

आईला लेकीची बॅग हवी होती. ती माळ्यावर होती आणि शिडी शेजाऱ्यांकडे. आईनं इकडे तिकडे पाहिलं, आबांची खुर्ची ओढत माळ्याखाली आणली आणि पायातल्या चपलांसकट तिच्यावर चढली.

मास्तर जागचे अर्धवट उठले. आत्याचं तोंड उघडलं. जिच्यावर धावून न पडलेला माणूस कधी टेकला नव्हता, तिच्यावर चष्म्याच्या दुकानातली बाई चपला घालून उभी होती, आणि टाचा उंचावून बॅगेचा पट्टा चाचपत होती. खुर्चीचा एक पाय कधीचा आखूड होता. ती डुगडुगली.

आत्या उठली. सगळ्यांना वाटलं, आता तमाशा. ती खुर्चीपाशी गेली, खाली वाकली आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"नीट धरा हां, अक्का," वरून आई म्हणाली. "पडेन."

"काढ तू बॅग," आत्या म्हणाली. "पडू देत नाही मी."